शेतावरच्या रात्रीसाठी .३२ पिस्तूल आणि त्यातली ‘जोराची’ गोळी

ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ पिस्तूल मी शेतावर वापरतो, त्यात पुण्याच्या खडकी कारखान्याची साधी फुल जॅकेट (म्हणजे शिशावर पूर्ण पत्र्याचं कवच असलेली) गोळी आणि युरोपातली जरा जोराची गोळी अशा दोन्ही चालवून बघितल्यात, त्यावर हा रिव्ह्यू. लिहायचं कारण म्हणजे आमच्या सोलापूर भागात कुणाचा परवाना निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, ह्याच्यात पॉवरफुल गोळी बसते का ओ? बसते. पण रानातल्या कामाला तिचा फायदा किती आणि त्यापायी पिस्तुलाला काय सोसावं लागतं ते आधी समजून घ्या मग पैसे घाला.

शेत उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळाच्या बाजूला. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यामुळं ऊसाला पाणी द्यायला रात्री जावंच लागतं, इलाज नाही. माळावर लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे, पण ही जनावरं माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, मेंढरांच्या वाड्यावर लांडगा येतो तेवढाच. खरी भीती रानडुकराची, ऊसाच्या सरीत ते पाच-सहा पावलांवर येईपर्यंत दिसतच नाही. आणि डिसेंबर २०२० ला करमाळ्यात बिबट्यानं तीन जीव घेतले, शेवटी वनखात्याच्या परवानगीनं त्याला गोळी घालावी लागली, तेव्हापासून बायामाणसं तर सोडाच, गडीसुद्धा एकटा मोटर चालू करायला जाईना झाला. लोक परवान्याच्या मागं लागले ते उगीच नाही.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत जंगलात फिरणारे लोक अस्वलाच्या भीतीनं पिस्तूल बाळगतात आणि त्यात जास्त दाबाची गोळी भरतात, तिच्या पुंगळीच्या बुडावर ‘+पी’ असा छाप असतो. तिकडच्या ‘सामी’ ह्या संस्थेनं प्रत्येक गोळीचा जास्तीत जास्त दाब ठरवून दिलाय. साधी नाईन एमएम ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला इतके पौंड दाब), +पी ३८,५००. .३८ स्पेशल १७,०००, +पी २०,०००. .४५ ला २१,००० आणि +पी ला २३,०००. म्हणजे नाईन एमएममध्ये दाब दहा टक्के वाढतो, पण गोळीचा वेग काही दहा टक्के वाढत नाही, बराच कमी वाढतो, कारण हा आकडा स्फोटाच्या एका क्षणाच्या टोकाचा असतो. त्यामुळं तिकडचे जाणकारसुद्धा नुसत्या दाबाच्या मागं लागत नाहीत, अस्वलासाठी दहा एमएम किंवा .४४ मॅग्नम घेतात आणि त्यात जड, कडक शिशाची, चपट्या तोंडाची गोळी घालतात, कारण जाड कातडी आणि हाडातून आत खोल जाणं महत्त्वाचं.

आपल्याकडं नाईन एमएम निषिद्ध बोअर (कायद्यानं बंदी असलेलं नळीचं माप), साध्या माणसाला मिळतच नाही. हातात येतं ते .३२. आणि .३२ पिस्तुलाच्या गोळीत ‘+पी’ असा प्रकारच सामीनं ठरवलेला नाही, तिची मर्यादा २०,५०० पीएसआय, विषय संपला. मग ही जोराची गोळी कुठून आली? तर युरोपात सीआयपी म्हणून वेगळं मानक आहे, त्यात ह्याच गोळीला १,६०० ‘बार’ (हे तिकडचं दाबाचं माप) चालतात, म्हणजे साधारण २३,२०० पीएसआय. मोजायची पद्धत थोडी वेगळी असली तरी युरोपातली डबी बऱ्याचदा खरंच गरम असते. नेहमीची ७१ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी सेकंदाला ९०० फुटांच्या आसपास जाते, ऊर्जा १७५ ज्यूल धरा. युरोपातली ७३ ग्रेनची हजार फुटांच्या वर जाते आणि २४० ज्यूलपर्यंत पोचते. कागदावर एक तृतीयांशापेक्षा जास्त वाढ दिसते आणि माणूस भुलतो. पण साध्या नाईन एमएमचे ४९० ज्यूल असतात, .३५७ मॅग्नमचे ७०० च्या वर, आणि अस्वलाच्या बाबतीत तिकडं नाईन एमएमलाही लोक कमीच धरतात. मग २४० ज्यूलमध्ये रानडुक्कर जागेवर बसेल ही आशा धरून ऊसात शिरायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा. एका दुकानात मला सांगितलं गेलं की ही गोळी बिबट्याला एका बारात लोळवते. साफ खोटं आहे ते आणि असलं बोलून लोकांचा जीव धोक्यात घालू नये, मला ह्याचा खरंच राग येतो.

पिस्तुलावर काय होतं ते बघा. हे पिस्तूल ब्लोबॅक आहे, म्हणजे बार होताना स्लाइडला (वरचा मागंपुढं सरकणारा भाग) नळीशी जखडून ठेवणारं कुलूप त्यात नाही, स्लाइडचं वजन आणि तिला पुढं ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग एवढ्यावरच सगळा दाब अडलेला असतो. अमेरिकेचा बंदुका बनवणारा जॉन ब्राउनिंग, त्यानं १८९९ च्या सुमारास ही गोळी काढली ती अशाच साध्या यंत्रासाठी. गोळी जोराची झाली की स्लाइड जास्त वेगानं मागं येते. रेंजवर युरोपातली गोळी चालवली तेव्हा फरक हाताला लगेच कळला, स्लाइड मागं आपटल्याचा टणका मनगटात बसतो आणि पुंगळी नेहमीच्या जागी न पडता कितीतरी लांब उडते. स्प्रिंग जुनी होती तोवर एक वेगळाच त्रास व्हायचा, स्लाइड इतकी घाईनं पुढं यायची की मॅगझिननं (मुठीतली गोळ्यांची पेटी) पुढची गोळी वर उचलायच्या आतच ती वरून निघून जायची, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) रिकामं आणि घोडा दाबला की नुसता टक. हे रेंजवर झालं म्हणून ठीक, ऊसात झालं असतं तर? नवीन स्प्रिंग टाकल्यावर हे थांबलं. म्हणून जोराची गोळी घेणारच असाल तर आधी स्प्रिंग बदला आणि खरं सांगायचं तर साधी गोळी वापरणार असाल तरी बदलाच, डबीपेक्षा हा खर्च कामाचा आहे.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. .३२ पिस्तुलाच्या गोळीला बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागं गेली की दोन्ही एकमेकीत अडकतात, त्याला रिम लॉक म्हणतात, आणि हा जाम स्लाइड मागंपुढं करून सुटत नाही, मॅगझिन काढून गोळ्या एकेक करून बाहेर घ्याव्या लागतात. होलो पॉइंट (तोंडाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी) गोळी लांबीला आखूड असते, तिला मॅगझिनमध्ये पुढंमागं सरकायला जागा मिळते, त्यामुळं तिच्यात हे जास्त होतं. शिवाय .३२ च्या वेगाला होलो पॉइंट एक तर फुलत नाही, नाहीतर फुलली की आत खोल जात नाही. जनावरासाठी फुल जॅकेटच बरी, सरळ आत जाते आणि चालतेही नीट. मी भरताना प्रत्येक गोळी अंगठ्यानं दाबून मागं सरकवतो, वरच्या गोळीची कड खालच्या कडेच्या पुढं आहे हे बोटानं चाचपतो, मगच पुढची घालतो. अंधारात गडबडीत मॅगझिन भरायची वेळ येऊच देऊ नये, घरी उजेडात भरून ठेवायचं.

ज्यांच्याकडं .३२ रिव्हॉल्व्हर आहे त्यांची गोळी वेगळी, ती एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, १८९६ सालची, मर्यादा फक्त १५,००० पीएसआय. त्याच जाडीची .३२ मॅग्नम १९८४ ला आली, तिचा दाब बराच जास्त, पण पुंगळी जवळजवळ चार मिलिमीटर लांब केलेली आहे, जुन्या चेंबरात पूर्ण आत जात नाही, आणि ते मुद्दामच तसं केलंय. आमचे दाजी विचारत होते की कानसून चेंबर जरा वाढवून घेतलं तर? दाजी, अजिबात नको, सिलेंडर (गोळ्या बसतात तो फिरता भाग) फुटला तर बोटं जातील. तसंच कुणी घरी दारू वाढवून काडतूस भरून देतो म्हणाला तर तिथनं सरळ उठा, विनापरवाना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे आणि त्यात दाब किती भरलाय हे भरणाऱ्यालाही माहीत नसतं.

कायद्याचंही थोडं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ११ प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला प्रामाणिकपणे जनावर मारलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण मेंढरू वाचवायला किंवा ऊस वाचवायला म्हणून लांडगा-बिबट्या मारला तर ही सवलत नाही, दोघंही शेड्यूल एकमधले, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतले आहेत. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता, हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. बिबट्या नुसता दिसला तरी १९२६ ला फोन लावा, पिस्तूल काढायची ती वेळ नव्हे.

पिस्तूल म्हणून मी ह्याला चांगलंच म्हणीन. कमरेला जड होत नाही, दणका कमी असल्यानं दुसरा बार लगेच आणि नेमावर जातो, आणि उजव्या हातात पिस्तूल डाव्या हातात बॅटरी असं एका हातानं चालवताना हे फार उपयोगी पडतं. जोराच्या गोळीनं नेमका हाच गुण कमी होतो, नळी वर उडते आणि रात्री तिचा जाळ डोळ्यावर येतो, दोन-तीन क्षण समोरचं काही दिसत नाही. साईट (नेम धरायच्या खुणा) बारीक आहेत, अंधारात बिनकामाच्या, त्यामुळं मोठी बॅटरी हवीच, आणि खरं बघितलं तर डुक्कर बहुतेक वेळा बॅटरीच्या झोतानं आणि चार माणसांच्या आवाजानंच निघून जातं.

तर माझ्या पिस्तुलात शेतावर जाताना साधी फुल जॅकेट असते. युरोपातली डबी मी परत घेणार नाही, उरलेल्या गोळ्या रेंजवर संपवतोय, आणि त्या पैशात एक जास्तीचं मॅगझिन आणि स्प्रिंगचा जोड घेऊन ठेवलाय. पिस्तुलाला पाचपैकी चार, जोराच्या गोळीला ह्या कामासाठी दोन.