‘९९०० एमएएच’चा सेल आणि पहाटेआधीच थांबणारा पंखा

गच्चीवरच्या हवामान यंत्रात तापमानाच्या सेन्सरवरून हवा खेचणाऱ्या छोट्या पंख्यासाठी ‘सोलर किट’ विकली जातात. ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका गच्चीवर बसवलेल्या अशाच किटमधला सेल, पॅनल आणि वायर, तिन्ही खोटं निघालं. विकणाऱ्याने पक्कं बिल दिलं नव्हतं, तिथेच सावध व्हायला हवं होतं.

ही फसवणूक लवकर कळत नाही. सेल मध्यरात्रीच संपतो, पण रात्री ऊन नसल्याने पंखा बंद असला तरी आकडा फारसा चुकत नाही. खरी गडबड सकाळी सात ते नऊमध्ये होते. तिरपं ऊन सेन्सरला उन्हापासून झाकणाऱ्या कवचावर पडतं, पॅनलला मात्र अजून पंखा फिरवण्याइतका जोर नसतो. आतली हवा कोंडते, तापमान भराभर चढतं आणि पंखा सुरू झाला की धपकन उतरतं. आलेखात रोज त्याच वेळी असा उंचवटा दिसला, तर दोष सेन्सरचा समजून तो बदलू नका. आधी पंखा बघा. पंख्यावर बेतलेलं बंद नळीचं कवच पंखा थांबल्यावर साध्या पट्ट्यांच्या कवचापेक्षाही जास्त तापतं.

आता सेल. १८६५० मापाच्या (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) खऱ्या सेलची क्षमता सहसा जेमतेम ३५०० एमएएचपर्यंत (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठणाऱ्या विजेचं माप) जाते. ‘९९००’ छापलेला सेल हातात आला की पुढे काही तपासायचीही गरज नाही, तो परत करा. ‘२६००’ छापलेलाही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा: खरा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, या किटमधला तिशीतच अडकला. पक्की चाचणी हवी तर सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरा, ८.२ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर जोडा आणि ३ व्होल्टला येईपर्यंत वेळ मोजा. रेझिस्टर चांगलाच तापतो, फरशीवर ठेवा आणि समोरून हलू नका. खरा २६०० सेल साडेपाच तासांच्या पुढे जातो, हा सव्वादोन तासांत आडवा झाला. म्हणजे हजार एमएएचच्या आसपास. आवरणावर आयएस १६०४६ (बॅटरी सुरक्षिततेचं भारतीय मानक) आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा.

पॅनलला फूटपट्टी पुरते. ‘६ व्होल्ट ५ वॉट’ लिहिलेलं पॅनल ११ बाय ६ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे ६६ चौरस सेंटिमीटर. भर दुपारच्या कडक उन्हातही एवढ्या जागेवर साडेसहा वॉटच पडतात आणि त्यातले फार तर सव्वा वॉट वीज होऊन हाती येतात. खरं ५ वॉटचं पॅनल साधारण ३०० चौरस सेंटिमीटरचं असतं. पंख्याची गरज बघा: ५ व्होल्ट, ०.०८ अँपिअर, म्हणजे ०.४ वॉट. दिवसरात्र मिळून ९.६ वॉट-तास, सेलचा व्होल्टेज ५ पर्यंत चढवणाऱ्या बूस्टरमधली गळती धरून अकराच्या वर. एक वॉटचं पॅनल उघड्या दिवशीही चार-साडेचार वॉट-तासच देतं, मग रात्रीसाठी उरणार काय?

वायर ब्लेडने खरवडा. तांबं आतपर्यंत लालच राहतं. खालून पांढरी चकाकी आली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. खाडीकाठच्या खारट हवेत त्याचे जोड लवकर सडतात.

खरी वस्तू मिळाली तरी आपल्याकडच्या पावसाळ्यात सोलरवर विसंबू नका, आठ-आठ दिवस ऊन नसतं. घरातला १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर, ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन तारांची वायर आणि कवचाजवळ व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर, एवढं पुरतं. २३० व्होल्ट गच्चीवर नेऊच नका. पंखा जोडण्याआधी मल्टिमीटरने कन्व्हर्टर ५ व्होल्टवर लावा, नाहीतर थेट १२ व्होल्ट बसून पंखा जळेल. कन्व्हर्टर स्वतःही तापतो, तो हवा आत येते त्या तोंडाशी नको. पंखा सेन्सरच्या पुढे, बाहेर फेकणाऱ्या टोकाला असावा, म्हणजे मोटरची ऊब सेन्सरवर येत नाही.

फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत २ वर्षं. बिल नसेल तर यूपीआयची पावती, पाकिटावरचा छापील दावा आणि काट्यावर ठेवलेल्या सेलचा फोटो जपून ठेवा. तो सेल मात्र फोडून बघू नका आणि सुक्या कचऱ्यातही टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.