चुलीचं सरपण: बाभूळ, सुबाभूळ की शेतातल्या पऱ्हाट्या?

चुलीवर काय शिजणार, त्यावर सरपण ठरतं. भाकरीला आधी जाळ आणि मग निखारा लागतो. खापरावर भाजायच्या मांड्यांना, म्हणजे मोठ्या पातळ पोळ्यांना, खापराच्या पोटाखाली सगळीकडे सारखा पसरणारा जाळ हवा. वैलावरच्या, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावरच्या, वरणाला मंद आच पुरते. या सगळ्यांत पास होणारं एकच लाकूड मिळत नाही, पण जवळात जवळ जाते ती बाभूळ.

बाभळीचं लाकूड जड असतं, कोरडं असेल तर धूर कमी करतं आणि त्याचा निखारा टिकतो. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवायची, तर हेच घ्या. खोट एवढीच की ते पटकन पेट घेत नाही, आणि वाळल्यावर कुऱ्हाडीला दाद देत नाही. म्हणून ओलं असतानाच फोडून ठेवावं. मांड्यांसाठी त्याच्याच बारीक ढलप्या करा. जाड ओंडका खापर एकाच कोपऱ्यात तापवतो आणि मांडा तिथेच करपतो. वेडी बाभूळ आचेला कमी नाही, पण काटे आणि वाकड्या फांद्या यांनी जीव नकोसा होतो.

सुबाभूळ सरळ वाढतं, सहज फुटतं आणि लवकर वाळतं, पण निखारा बाभळीइतका टिकत नाही. भाव सारखाच असेल तर बाभूळच घ्यावी.

पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) घरच्याच असतात, म्हणून आधी त्यांच्यावर हात जातो. भराभरा पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यामुळे चुलीपुढे एक माणूस अडकून पडतो. रोजच्या स्वयंपाकाला त्या पेटवणापुरत्याच ठेवा. भरिताची वांगी भाजायला मात्र तुराट्यांना तोड नाही. पऱ्हाट्या साठवताना एक सांभाळा: न उमललेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. तेव्हा बोंडं आधी झोडून जाळावीत आणि ढीग नव्या लागवडीआधी संपवावा.

आंबा चालतो, पण लवकर जळून जातो. चिंच आणि अंजन दोन्ही कठीण लाकडं; मात्र आंब्यासह ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, घरच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कण्हेर आणि रुई चुलीत घालूच नयेत, त्यांचा धूर विषारी असतो. रंग दिलेल्या फळ्या आणि जुनं प्लायवूडही नको.

जातीपेक्षा ओल जास्त नडते. ओल्या लाकडाची काही आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, म्हणून चूल धुमसते आणि भांडी काळी होतात. वखारीत माल वजनावर मिळतो, तिथे हिशोब करा: ४५ टक्के पाणी असलेलं क्विंटलभर लाकूड वाळून १५ टक्क्यांवर आलं की सुमारे ६५ किलोच उरतं. म्हणजे कोरडं लाकूड दीडपट भावाने मिळालं तरी महाग पडत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणक, खणखणीत आवाज आला, टोकांना भेगा दिसल्या आणि साल सुटत असेल तर माल कोरडा. चुलीत टाकल्यावर टोकाला फेस येऊन चुरचुरत असेल तर तो परत उन्हात टाका.

ओलं घ्यायचंच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. फूट-दीड फुटाचे तुकडे करून मनगटाएवढे फोडा आणि दगडांवर आडवे ओंडके टाकून त्यावर रचा. जमिनीला टेकलं की वाळवी लागते. वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळलेल्या ढिगाला आतून बुरशी येते. चैत्र-वैशाखाचं ऊन मिळालं की जूनपर्यंत काम होतं.

पाच माणसांच्या घरी साधी चूल दिवसाला पाच-सहा किलो कोरडं लाकूड खाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे साडेसहा-सात क्विंटल धरा, अंघोळीच्या बंबाचं वेगळं.