डक्ट कोणता घ्यावा: पत्रा, पॅनेल, फ्लेक्सिबल की कापड?

डक्टेबल एसीचं कोटेशन हातात आलं की आपण मशीनचं पान वाचतो. टनेज किती, कॉम्प्रेसर कुठला, वॉरंटी किती वर्षांची. डक्टबद्दल, म्हणजे मशीनची थंड हवा खोलीत नेणाऱ्या नळीबद्दल, शेवटी एकच ओळ असते: डक्टिंग, इतके चौरस मीटर, इतका दर. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ती ओळ आधी वाचा. मशीन बिघडलं तर बदलता येतं. डक्ट एकदा फॉल्स सीलिंगच्या वर गेला की पाणी टपकेपर्यंत त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

एक अभ्यासिका धरून चालू, पुण्या-ठाण्यात असतात तशी. पहिला मजला, दाटीने मांडलेली टेबलं, दहा टनांचं मशीन. टनाला ४०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) हा नेहमीचा हिशोब, म्हणजे ४,००० सीएफएम हवा मुख्य डक्टमधून जाणार. तिला ६०० बाय ६०० मिमीचा डक्ट दिला तर वेग सेकंदाला ५ मीटरच्या जरासा वर राहतो. मुख्य डक्टला हे ठीक आहे. पण बीमखाली जागा कमी म्हणून तोच डक्ट १,२०० बाय ३०० केला, तर आतली जागा तेवढीच राहते आणि घेर २.४ मीटरवरून ३ मीटर होतो. पत्रा सव्वापट, इन्सुलेशन सव्वापट, वर हवेला घर्षणही जास्त. आयएस ६५५ या भारतीय मानकाप्रमाणे ७५० मिमीपर्यंतच्या बाजूला ०.६३ मिमीचा, म्हणजे २४ गेजचा पत्रा चालतो. १,२०० मिमीच्या बाजूला ०.८० मिमीचा, २२ गेजचा लागतो. बिल दोन्हीकडून चढतं. तेवढ्याच हवेचा गोल डक्ट साधारण ६८० मिमी व्यासाचा होतो आणि त्याचा घेर २.१३ मीटरच भरतो. म्हणून छत उघडं ठेवायचं असेल, तर स्पायरल गोल डक्टचा दर जरूर मागवा. सीलिंगच्या वर मात्र एवढी उंची क्वचितच मिळते.

आता पत्र्याचा डक्ट, म्हणजे जीआय, जस्त चढवलेला लोखंडी पत्रा. हा जुना, भरवशाचा पर्याय. जळत नाही, उंदराला दाद देत नाही, आतून साफ करता येतो, आणि त्याचं काम जाणणारे फिटर तालुक्याच्या गावीही मिळतात. त्याचं दुखणं वजन आणि घाम. ०.६३ मिमीचा नुसता पत्रा चौरस मीटरला सुमारे पाच किलो भरतो. फ्लँज, अँगल आणि इन्सुलेशन वेगळं. घामाचं गणित असं: पावसाळ्यात सीलिंगच्या वर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी व्हायला लागते ते तापमान, २६ अंशांच्या आसपास येतो. डक्टमधली हवा १२ ते १४ अंशांची. इन्सुलेशनला बोटभर फट राहिली तरी तिथे पाणी धरतं आणि जिप्समवर पिवळा डाग उमटतो. मुंबईत आणि कोकणात मी पत्र्यावर बंद पेशींचं, ओल न पिणारं नायट्रिल रबरच सुचवतो. ग्लासवूल स्वस्त पडतं, पण वरचा फॉइल फाटला की ते ओल पितं आणि ती ओल बाहेर येत नाही. समुद्राजवळ जस्ताचा थरही विचारून घ्या: १२० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम जस्त) आणि २७५ जीएसएम पत्रा दिसायला सारखाच असतो, खाऱ्या हवेत टिकायला नाही.

प्री-इन्सुलेटेड पॅनेल म्हणजे दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि मध्ये पीआयआर नावाचा कडक फोम, बहुधा २० मिमी जाडीचा. वजन चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास. हा २० मिमी फोम उष्णता अडवण्यात ३० मिमीहून जाड नायट्रिल रबराच्या तोडीचा असतो, आणि इन्सुलेशन वेगळं चढवावं लागत नाही. सुरी, गोंद आणि फॉइल टेप घेऊन दोन माणसं जागेवरच डक्ट करतात. पेठेतल्या अरुंद जिन्यावरून चार फुटी पत्र्याचे तयार तुकडे वर न्यायचे असतात, तेव्हा याची किंमत कळते. जुन्या स्लॅबला फार वजन टांगायचं नसेल, तरीही हाच बरा.

पण पॅनेलचा सगळा जीव सांध्यात असतो. व्ही आकाराची खाच पुसली नाही, गोंद सुकायला वेळ दिला नाही, आतल्या कोपऱ्यात सिलिकॉन भरलं नाही, तर पहिल्या पावसाळ्यात टेप उचलायला लागते. मोठ्या मापाला आतून आधाराच्या दांड्या लागतात, त्या गाळल्या तर बाजू फुगते. इलेक्ट्रिशियनने वरून पाय दिला तर पॅनेल दबतं, उंदीर ते कुरतडतात. आगीच्या बाबतीत पत्रा निःसंशय वरचढ. पॅनेल घेताना त्याचा अग्निचाचणीचा दाखला हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हॉटेलच्या किचनच्या धुराला तर पॅनेलही नको आणि फ्लेक्सिबलही नको. तिथे जाड लोखंडी किंवा स्टेनलेस पत्रा, वेल्ड केलेला.

सगळ्यात जास्त हाल फ्लेक्सिबल डक्टचे होतात, आणि दोष त्याचा नसतो. तारेच्या सर्पिलावर फॉइल, त्यावर ग्लासवूल, वर आणखी एक आवरण. मुख्य डक्टपासून डिफ्यूझरपर्यंतच्या, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीपर्यंतच्या, शेवटच्या दीड मीटरला याच्याइतकं सोयीचं काही नाही. थोडं इकडेतिकडे वळतं, आवाजही गिळतं. पण काम लवकर उरकायचं म्हणून त्याच्या सहा-सात मीटरच्या वेटोळ्या सीलिंगमध्ये सोडून दिलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत! ताणून न बसवलेला फ्लेक्सिबल आतून चुरगळतो आणि हवेचा अडथळा दुप्पट, चौपट होतो. शेवटच्या रांगेतली मुलं उकडतं म्हणतात, मालक मशीनवाल्याला फोन करतो, तो गॅस तपासून जातो. अडचण वर, तारेने आवळलेल्या त्या गळ्यात असते. टांगायला बारीक तार नको, रुंद पट्टी हवी. कोटेशनमध्ये लिहून घ्या: प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त दीड मीटर, पूर्ण ताणलेला.

कापडी डक्टबद्दल थोडक्यात. पॉलिस्टरचा, लांबीभर हवा सोडणारा, काढून धुता येणारा. बॅडमिंटन हॉल, जिम, खाद्यपदार्थांचे कारखाने ही त्याची घरं. हवा झिरपू देणारं कापड घेतलं तर बाहेरून घामही धरत नाही. रिटर्न, म्हणजे मशीनकडे परत जाणाऱ्या हवेला मात्र तो चालत नाही, आत ओढला जाऊन मिटतो. अभ्यासिकेत मी तो घेणार नाही. मशीन बंद-चालू होताना कापड लोंबतं आणि पुन्हा फुगतं, वाचणाऱ्याचं लक्ष जातं.

आपल्याकडे डक्ट म्हणजे थंडावा. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला त्याच डक्टमधून हिवाळाही काढायचा असतो. तळघरात पत्र्याचा मुख्य डक्ट, त्याला घर तापवणारी फर्नेस जोडलेली, माळ्यावर फ्लेक्सिबल, ही तिकडची नेहमीची मांडणी. अमेरिकेच्या एनर्जी स्टार या सरकारी ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या अंदाजानुसार तिकडच्या घरांत डक्टमधली २० ते ३० टक्के हवा फटींतून वाया जाते. म्हणून तिथे डक्ट बदलण्याआधी सांधे बुजवून बघावेत, तेही मॅस्टिकने, म्हणजे सांध्यांवर फासायच्या घट्ट लेपाने. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये सांधे बुजवायची साधनं तपासली, तेव्हा कापडी डक्ट टेपच लवकर सुटली होती. जुन्या घरात डक्टच्या सांध्यांवर पांढरी पट्टी दिसली तर ती ओरबाडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

परत अभ्यासिकेकडे. मी तिथे मुख्य डक्ट पत्र्याचा घेईन, १९ मिमी नायट्रिल रबरासह, आणि डिफ्यूझरपर्यंत आखूड फ्लेक्सिबल. जिना अरुंद असेल किंवा स्लॅब जुना असेल तर पॅनेल, पण ज्याने आधी केलेलं काम दोन पावसाळे जुनं आहे आणि आपल्याला दाखवतो, त्याच्याकडूनच. गावात पॅनेलचा अनुभवी माणूस नसेल तर दर कितीही कमी असो, पत्राच. मशीन आणि डक्टच्या मध्ये कॅनव्हासचा जोड आणि चौकोनी कोपऱ्यांत आतल्या वळणपट्ट्या हव्यातच, नाहीतर घरघर दिवसभर ऐकावी लागते.

सीलिंगवाल्याला शेवटचा बोर्ड मारू देण्याआधी मशीन तासभर चालवा, शिडीवर चढून प्रत्येक सांध्याभोवती ओला हात फिरवा. हवा लागली तिथे खडूने खूण करा आणि फिटर समोर असतानाच ती बुजवून घ्या.