अ‍ॅक्टिव्ह बाससाठी बॉस एलएस-२, वर्षभर वापरून

माझा बास गिटार अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आतच बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल घडवणारं सर्किट), तोही १८ व्होल्टवर, आणि आउटपुट इतका तगडा की जोरात स्लॅप केलं (अंगठ्याने तार आपटली) की पहिलाच पेडल फाटल्यासारखा आवाज करायचा. फझ (आवाज मुद्दाम फाडणारा पेडल) तर सोडाच, कंप्रेसर (मोठे आवाज दाबणारा पेडल) पण सतत दाबलेलाच. बरं, १८ व्होल्टमुळे आवाज वाढतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, हेडरूम वाढतं, म्हणजे प्रीअँप क्लिप न होता (आवाज न फाटता) मोठे पीक पुढे ढकलतो आणि मग ते ९ व्होल्टवाल्या पेडलच्या डोक्यावर पडतात.

म्हणून एलएस-२ घेतला, हा लाइन सिलेक्टर पेडल, म्हणजे सिग्नल ए आणि बी अशा दोन वेगळ्या लूपमधून फिरवणारा. ए लूपमध्ये सेंड (सिग्नल बाहेर काढणारा जॅक) आणि रिटर्न (परत आत घेणारा जॅक) एका छोट्या पॅच केबलने जोडले, ए चा लेव्हल कमी केला, झाला पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारा! पण एक गोष्ट लक्षात ठेवा, लेव्हल नॉब रिटर्नवर काम करतो, त्यामुळे पेडल आउटपुटनंतर लावायचे, लूपमध्ये टाकले तर सिग्नल तेवढाच गरम, म्हणजे जोरदार, जाणार (मी पहिले दोन दिवस हेच करत बसलो होतो). लूपमध्ये फझ टाकून क्लीनसोबत मिक्स करायचा असेल तर तोही मोड आहे, लो एंड टिकतो.

तक्रार? हा स्वतःच ९ व्होल्टवर चालतो, त्यामुळे बासवरचा बेस नॉब पूर्ण वर केला तर याचाही इनपुट कुरकुरतो. मी बेस बूस्ट आता अँपवरच करतो. आणि फक्त पॅडच हवा असेल तर एवढा मोठा डबा कशाला, साधा व्हॉल्यूम पेडल पण चालेल.