उतरत्या छताला जाडी: उभी खेचावी की काटकोनात द्यावी?
गंगापूर रोडवरच्या बंगल्याचं उतरतं छप्पर राइनो या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं, की जाडी नसलेल्या पृष्ठभागाचा घन करायला दोन मार्ग असतात. 'एक्स्ट्रूड सर्फेस'ने सरळ वर खेचलं तर मोभावर दोन्ही उतार नीट भिडतात, वळचणीची कडाही ओळंब्यात राहते. पण 30 अंशांच्या उतारावर 150 मिमी उभं खेचलं, तर स्लॅबची खरी जाडी जेमतेम 130 मिमी भरते! काँक्रीटचा हिशेब तिथेच कमी पडतो.

'ऑफसेट सर्फेस' काटकोनात जाडी देतं, पूर्ण 150. मात्र उतार सुटे असतील तर मोभावर फट उरते; आधी जोडून घ्या. दोन्हीकडे 'सॉलिड' पर्याय चालू हवाच.

स्लॅबसाठी मी ऑफसेटच वापरेन. वळचण नंतर उभी कापता येते.