डबा खाता खाता खेळलेले फुकटचे ब्राउझर गेम

आधीच सांगतो, मी गेमर वगैरे काही नाही. घरी प्लेस्टेशन नाही, मोबाइलमध्ये जागा नाही (मेव्हण्याच्या लग्नाचे व्हिडिओ डिलीट करायची हिंमत नाही), आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही टाकायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतो. मग उरलं काय, ब्राउझर. दीड ते दोन डब्याची सुट्टी, त्यात पंधरा मिनिटं पोळीभाजी आणि पंधरा मिनिटं टाइमपास, असं सात-आठ वर्षं चाललंय, तेव्हा तेवढ्या अनुभवावर बोलतो. माझी कसोटी एकच. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि मी झटकन टॅब बंद केला तर जीव किती जळतो? जितका कमी जळेल तितका गेम चांगला.

या हिशोबाने पहिला नंबर क्रोममधल्या डायनासोरचा. नेट गेलं की येतो तोच, 2014 पासून आहे. नेट जायची वाट बघायची गरज नाही, ॲड्रेसबारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि डिनो टाइप केलं की हजर. स्पेसबारने उडी, खालच्या बाणाने वाकायचं, आधी निवडुंग, मग ते उडणारे पक्षी, मध्येच रात्र होते. बनवणाऱ्यांनी एकदा सांगितलं होतं की हा संपायला 1.7 कोटी वर्षं लागतील, म्हणजे माझ्या रिटायरमेंटच्या आत काही होत नाही. मी साधारण हजाराच्या आसपास मरतो. मेलो तर मेलो, काही वाटत नाही, परत स्पेसबार. हा गेम ॲडमिनला बंद करता येतो म्हणे, आमच्याकडच्याला अजून कळलेलं नाही, कोणी सांगू नका.

2048 चं मात्र उलट आहे, डाव हरलो की जीव जळतो. चार बाय चारची पाटी, बाणाच्या बटणांनी सगळे आकडे एका बाजूला ढकलायचे, सारखे दोन भेटले की मिसळून दुप्पट होतात, 2 चे 4, 4 चे 8, असं करत 2048 गाठायचं. गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या 19 वर्षांच्या इटालियन पोराने मार्च 2014 मध्ये शनिवार-रविवारात बनवला आणि कोड सगळ्यांना फुकट देऊन टाकला, म्हणून तर त्याच्या इतक्या कॉप्या फिरतात. त्याच्या आधी महिनाभर थ्रीज नावाचा मोबाइलवरचा विकतचा गेम आला होता, आयडिया मूळ तिथली, आणि त्या लोकांना वर्षभर राबून केलेली गोष्ट अशी फुकटात वाटली गेली याचं वाईट वाटलंच. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं आणि तरी मी 2048 च खेळतो, माणूस असाच असतो.

नवीन लोकांसाठी युक्ती सांगतो. मोठा आकडा एका कोपऱ्यात बसवायचा आणि तिथून हलवायचा नाही. मी खालचा डावा कोपरा धरतो आणि वरचा बाण दाबायचाच नाही असा नेम केलाय, श्रावणातल्या नेमासारखा. पण कधी कधी दुसरा इलाजच राहत नाही, वर दाबावं लागतं, 1024 तिथून सरकतो आणि त्याच्या जागी नेमका एक फालतू 2 येऊन बसतो, मग पुढची दहा मिनिटं त्या दोनाला हुसकावण्यात जातात आणि तोवर भाजी गार. चिरुल्लीच्या मूळ साइटवर एक बरं आहे, टॅब बंद केला तरी डाव तसाच राहतो. त्यामुळे कसोटीला पास. पण संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटले की आकडे सरकताना दिसतात, ते कसोटीत धरायचं का हा प्रश्न आहे.

स्लिदर 2016 चा. अळ्या असतात, ठिपके खात लांब व्हायचं आणि दुसऱ्याचं डोकं आपल्या अंगावर आदळलं की तो संपला, त्याचं सगळं आपलं. यातली खरी मजा म्हणजे एवढीशी अळीसुद्धा स्क्रीनभर पसरलेल्या अजगराच्या तोंडासमोर आडवी घुसून त्याला मारू शकते. वीस मिनिटं खपून वाढलेला माणूस आणि आत्ता जन्मलेला, दोघांना एकच धक्का पुरतो. ऑफिसात असं व्हायला हवं होतं. पण कसोटीला साफ नापास. टॅब बंद केला की तुमची अळी गेली, आणि त्यात आमच्याकडचं नेट अडखळलं की दोन सेकंदांनी बघावं तर आपला चुरा झालेला आणि चारजण त्यावर जेवतायत. एकदा लीडरबोर्डवर नववा होतो, खरंच नववा, आणि साहेबांनी जीएसटीची फाइल मागितली.

गेम शोधायला म्हणून मोठ्या पोर्टलांवर जाल तर जपून. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी हिरवं मोठं प्लेचं बटण दाबलं तर ते बटणच जाहिरात निघालं, खरं बटण खाली बारीक. मग तीस सेकंदांची जाहिरात, मग गेमचा लोगो, मग कुकीजची परवानगी, मग परत जाहिरात, आणि हे सगळं आवाजासकट. अख्ख्या अकाउंट्स डिपार्टमेंटने वळून बघितलं. फुकट म्हणजे असं असेल तर मी पाच रुपये देतो बाबा, आवाज बंद करा.

पूर्वी काय होतं, आम्ही नेट कॅफेत जायचो, तासाला वीस रुपये, पंख्याखालचं केबिन मिळालं तर नशीब. मिनिक्लिप नावाची गेमची साइट उघडून दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचं, एक बाणांवर, एक डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांवर. ते सगळे फ्लॅशचे गेम, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम चालवायच्या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरवरचे. 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीने फ्लॅश बंद केलं आणि त्यातले बरेचसे बसल्या जागी मेले. आता रफल नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्याने जुने गेम ब्राउझरमध्ये परत चालतात, इंटरनेट अर्काइव्हवर बरेच ठेवलेत. मी परवा दोन-तीन लावून बघितले. ग्राफिक्स इतके वाईट होते? तेव्हा तर वाटायचं अगदी खरं.

कुकी क्लिकरबद्दल थोडक्यात. बिस्किटावर क्लिक करायचं, बिस्किटं जमली की आज्ज्या विकत घ्यायच्या, त्या बिस्किटं भाजतात, प्रत्येक नवी आज्जी आधीच्यापेक्षा 15 टक्क्यांनी महाग. पुढे कारखाने, खाणी, काय वाट्टेल ते. काही वेळाने गेम स्वतःच चालतो आणि आपण नुसते बघत बसतो. तीन दिवस टॅब उघडा ठेवला, चौथ्या दिवशी विचारलं स्वतःला की मी नक्की काय करतोय, आणि बंद केला. ज्यांना आवडतो त्यांना आवडो.

वर्डल सगळ्यांना माहितीये, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न, दिवसाला एकच. जॉश वार्डलने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला होता, बारा हजार शब्दांतून ओळखीचे अडीचेक हजार तिनेच निवडले, आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. माझ्या मते त्याची सगळी अक्कल त्या एका शब्दात आहे, खेळ झाला, उद्या या, जावा कामाला. असं म्हणणारा दुसरा गेम मी बघितला नाही.

यावर आमच्याकडे डब्याला मोठा वाद झाला की मराठीत असा करायचा तर अक्षर कशाला म्हणायचं. इंग्रजीत बरं असतं, एक खोका एक अक्षर. आता ‘स्त्री’ एका खोक्यात टाकणार की स, त, र आणि वेलांटी असे चार करणार? ‘कि’ लिहिलं आणि उत्तरात ‘की’ असेल तर पिवळं (अक्षर आहे पण जागा चुकली) का राखाडी (अक्षरच नाही)? देशपांडे मॅडम म्हणाल्या, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल करा. त्या पूर्वी शिकवायच्या.

लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळी मावस-मामे भावंडं स्क्रिबलवर जमायचो. एकाने चित्र काढायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. प्रायव्हेट रूम केली की स्वतःचे शब्द टाकता येतात, तर आम्ही मराठी शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकले, आणि तिथेच रामायण सुरू. भाकरीत के नंतर ए आहे का नाही यावर पुण्याची मावशी आणि लातूरचा मामा दोघं व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलत होते, घड्याळ संपून गेलं. माउसने काढलेलं तुळशीवृंदावन सगळ्यांनी कुकर म्हणून ओळखलं. इतकं हसलो नव्हतो कधी त्या वर्षात. हा गेम एकट्याने अनोळखी लोकांत खेळू नका, तिथे पोरं सरळ शब्दच लिहून दाखवतात.

आणि लिचेस. बुद्धिबळ. 2010 पासून आहे, थिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच माणसाने सुरू केलं, देणग्यांवर चालतं, जाहिरात शून्य, डावाचं विश्लेषणसुद्धा फुकट, किती कोडी सोडवायची तेवढी सोडवा. यात एका चालीला कित्येक दिवस देता येतात असाही प्रकार आहे आणि मी तो बाबांबरोबर खेळतो. ते गावाला, टॅब्लेटवर, रात्रीचं जेवण झालं की एक चाल. मी दुसऱ्या दिवशी डब्याला एक. साहेब आले तरी काही बिघडत नाही.

पहिल्याच महिन्यात त्यांचा रात्री साडेनऊला फोन, ‘‘अरे माझं प्यादं चोरलंस तू.’’ झालं असं की ते पारावर शिकलेले, देशी नियमाने, तिथे प्यादं पहिल्यांदा दोन घरं जात नाही. इथे जातं कळल्यावर खूश होऊन त्यांनी सरळ दोन घरं पुढे टाकलं, आणि मी शेजारच्या प्याद्याने तिरकं जाऊन, जणू ते एकच घर आलंय असं धरून, ते उचललं, याला एन पासां म्हणतात. नियमात आहे, पुस्तकात आहे, सगळं समजावलं. त्यांचं म्हणणं, जिथे प्यादं उभंच नाही तिथे जाऊन मारतात ही कसली रीत. आठवडाभर चाल केली नाही. आठव्या दिवशी केली, आणि त्याच डावात पुढे माझा वजीर घेतला, उंटाने, मला दिसलाच नव्हता.

सध्या आमचा एकतिसावा डाव चालू आहे, चाल माझी आहे, आणि घोड्याने शह देऊन बसलेत.