घरी येऊन इंजेक्शन देणारी नर्सिंग सेवा: आमचे 10 दिवस

दोन वर्षांपूर्वी माझी डावी किडनी ह्यांना बसवली. गेल्या महिन्यात रात्री एकाएकी हुडहुडी भरली, ताप 102. दुखत मात्र कुठेच नव्हतं. बसवलेल्या किडनीला आपल्या नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे तिला जंतुसंसर्ग झाला तरी नेहमीसारखी कंबर धरत नाही, हे तेव्हा कळलं. क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं समजायचं) 1.3 वरून 1.9 वर गेलेलं.

दवाखान्यात पहिले दोन दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक दिलं, ताप हलेना. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) ई. कोलाय हा जंतू निघाला, आणि तो त्या औषधाला दाद देणारा नव्हता. मग एर्टापेनेम हे दुसरं अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, 14 दिवस, पण मोजायचे ते लागू पडलेल्या औषधाच्या पहिल्या डोसपासून. एरवी धडधाकट माणसाला किडनीच्या संसर्गात बऱ्याचदा 7 दिवस पुरतात. प्रत्यारोपण झालेल्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते आणि त्यांच्यावरचे अभ्यास थोडे, म्हणून सहसा 14 दिवस, कधी 21 सुद्धा. चार डोस तिथे झाले, उरलेले 10 घरी.

ही सेवा मी त्यासाठी घेतली. सिस्टर रोज साडेआठला यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या कालनिर्णयावर पेनने ‘5’ लिहिलं, ‘1’ नाही. ते बघूनच मी निश्चिंत झाले. टॅक्रोलिमसची (ह्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी रोजची गोळी) रक्तातली पातळी तपासायची होती तेव्हा त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं, ‘काका, सकाळची गोळी रक्त घेतल्यावरच.’ इंजेक्शन सलाईनमधून सावकाश, अर्धा तास. रोज सुईची जागा लाल झालीय का बघायच्या.

औषधाच्या दहाव्या दिवशी माझे दीर आले. ‘ताप कधीच गेला, आता कशाला टोचताय?’ मीही क्षणभर डळमळले, हे खरं. सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, मी माझ्या मनाने एक डोस कमी करणार नाही आणि वाढवणारही नाही. डॉक्टरांना फोन लावा.’ लावला. डॉक्टरांनी सांगितलं, 14 पूर्ण करा, पण उगाच लांबवूही नका. जास्त दिवसांनी जंतू आणखी चिवट होतात, जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची पातळी चढते.

एक तारा मी रविवारसाठी कापला. बदली मुलगा अकराला आला आणि ग्लुकोजच्या बाटलीत औषध मिसळायला निघाला. एर्टापेनेम ग्लुकोजमध्ये चालत नाही, हे सिस्टरांनी मला सांगून ठेवलं होतं म्हणून मी हात धरला. ऑफिसने तासाभरात दुसरी बाटली पाठवली, माफीही मागितली. पण घरात कुणाला माहीत नसतं तर? बदली माणसाला आधी नीट सांगूनच पाठवायला हवं.

चौदाव्या दिवशी सुई निघाली. क्रिएटिनिन 1.4.

या सेवेला फोन कराल तेव्हा कल्चरचा रिपोर्ट आणि औषध बदललं ती तारीख जवळ ठेवा. ते सगळ्यात आधी तेच विचारतात.